ताईचा माइक

गावात त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव पडलं ते धंद्यावरून, स्वभावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. लाउडस्पीकर भाड्याने देणारा हा माणूस स्वतः इतका हळू बोलायचा, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होऊन विचारायचं, "काय म्हणालात?" मग भोंगा तेच पुन्हा, तितक्याच हळू म्हणायचा. बहुतेक वेळा तो "बघतो, होईल" एवढंच म्हणालेला असायचा.

पंखे, इस्त्र्या, जुने रेडिओ घेऊन लोक त्याच्याकडे यायचे. वस्तू पार कामातून गेलेली असली, तरी "हे आता चालणार नाही" एवढे शब्द काही त्याच्या तोंडून निघत नसत. तो ती ठेवून घ्यायचा, दिवसच्या दिवस तिच्याशी झटायचा, आणि शेवटी आतलं सगळंच बदलून परत द्यायचा. गिऱ्हाईक खूश, कारण वस्तू तीच दिसायची. बायको म्हणायची, "तुम्ही डॉक्टर झाला नाहीत ते बरं झालं. मेलेल्या माणसालाही तीन वेळचं औषध लिहून दिलं असतंत." तो ओशाळून हसायचा. वाईट बातमी तोंडावर सांगणं काही माणसांना जमत नाही, आणि गाव अशा माणसांना भलं म्हणतं. भोंग्यालाही म्हणायचं. त्यालाही ते आजवर खरं वाटत आलं होतं.

उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी गावच्या बागेत गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. घरून चादर आणायची आणि हिरवळीवर पसरायची. पूर्वी जेमतेम आजूबाजूच्या गल्ल्यांतले लोक यायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की खाण्याच्या गाड्या बोलवाव्यात, आणि बागेचा नूरच पालटला. कुंपणाच्या कडेने सँडविच, नूडल्स, तळलेले बटाटे, आइस्क्रीम अशा गाड्या ओळीने लागायला लागल्या. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं येऊ लागली. काही जण तर निव्वळ खायलाच यायचे आणि जाताना "कार्यक्रम छान झाला" म्हणून जायचे.

गाड्या आल्या तशी भोंग्याची डोकेदुखी वाढली. प्रत्येक गाडीला जनरेटर, प्रत्येक जनरेटर गुरगुरणारा. तो दुपारपासून बागेत वायरी पसरत हिंडायचा, गाडीवाल्यांना हातापाया पडून जनरेटर मागच्या बाजूला वळवायला लावायचा, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही गाणं स्वच्छ ऐकू जाईल अशा बेताने स्पीकर लावायचा. कार्यक्रम सुरू झाला की समोरच्या झाडाखाली टेबल टाकून, बटणांच्या पेटीपुढे बसायचा. गावातल्या कुणाचाही आवाज लोकांपर्यंत जायचा तो त्याच्या बोटांखालून.

आणि पहिला आवाज ठरलेला असायचा. ताईचा.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. उभा जन्म तिने बेकरीत पीठ मळलं होतं. मनगटं रुंद, चाल धबाधबा, आणि गळा असा की भट्टीच्या घरघरीवरून रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक ऐकू जायची. हे कार्यक्रम सुरूच झाले तिच्यामुळे. भोंग्याने मिसरूड फुटायच्या वयात स्वतः जोडलेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बागेत आणला, तेव्हा त्याच्या माइकसमोर उभं राहायला कुणी धजेना. ताई बाकावर चढली आणि गायली. माइकचं अर्थिंग चुकलं होतं. ओठ जरा टेकले की झिणझिण्या यायच्या. तिने गाणं पुरं केलं, खाली उतरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "गाणं झकास झालं. तुझा माइक मात्र चावतो. आधी तो नीट कर." धाकट्या भावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने तो नीट केला, आणि पुढचा धंदा त्यातूनच उभा राहिला. ताई अशी होती. मनात एक आणि ओठावर दुसरं, हे तिला कधी साधलंच नाही.

तर हा उन्हाळा सुरू होण्याआधीची गोष्ट. थंडीत ताईला खोकला धरला आणि तो काही केल्या हटेना. हटला तेव्हा जाताना गळ्यातलं काहीतरी घेऊन गेला. शाळेच्या हॉलमध्ये सराव होता. ताईचं ते नेहमीचं गाणं. त्यात शेवटी एक ओळ जिना चढल्यासारखी वर जाते. ताई त्या ओळीला चढायला गेली आणि सूर खालीच राहिला. शिवाय आवाजाला एक खरखर, जुन्या रेडिओला असते तशी. तिला स्वतःला काही जाणवलं नाही. ती टाळी वाजवून म्हणाली, "चला, गंज उतरला." मागे साथीला गाणारी दवाखान्यातली नर्स जमिनीकडे बघत राहिली.

बँड चालवायचे शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांनी भोंग्याला दाराशी गाठलं. "ऐकलंस ना? मागच्या वर्षीच थोडं होतं, यंदा फारच झालंय. तू भाऊ आहेस, तूच सांग तिला. सोपं गाणं घे म्हणावं. नाहीतर यंदा नुसती खाली बसून ऐक म्हणावं."

"सांगतो," भोंगा म्हणाला.

गेला बिचारा सांगायला. दारातच ताई म्हणाली, "बरं झालं आलास, पंखा खडखडतोय." तो स्टुलावर चढला. खुंटीला तिने शनिवारचे कपडे आत्ताच इस्त्री करून लटकवले होते. स्वयंपाकघरातून ती तेच गाणं गुणगुणत होती, आणि गुणगुणताना ते इतकं सुरेख लागत होतं, की भोंग्याने पात्याचा स्क्रू गरजेपेक्षा चारदा जास्त पिळला.

"मास्तर काय म्हणाले रे?" तिने आतून विचारलं.

"काही नाही. तयारी चांगली झालीये म्हणाले."

पंखा दुरुस्त झाला. भोंगा चहा पिऊन घरी आला. येताना रस्ताभर त्याने स्वतःला समजावलं, की अजून वेळ आहे, बघू, होईल.

शनिवार उजाडला आणि त्याने त्याच्या धंद्यातला तोडगा काढला. गाणाऱ्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवतात. लोकांसाठीचे मोठे स्पीकर पुढे तोंड करून असतात, त्यांचा आवाज गाणाऱ्याला नीट कळत नाही. स्वतःचं गाणं त्याला त्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून ऐकू येतं. पेटीवर दोन्हींची बटणं वेगळी. भोंग्याने ताईच्या पायाशी तिचा आवाज भरपूर ठेवला. लोकांकडे जाणारं तिचं बटण मात्र तिने तोंड उघडताच हळूच खाली ओढलं, आणि ड्रमच्या आड उभ्या असलेल्या नर्सचं वर केलं. ती तेच गाणं, त्याच शब्दांत, बारीक स्वच्छ गळ्याने गात होती.

ताई डोळे मिटून गायली. ती शेवटची ओळसुद्धा. टाळ्या पडल्या. खाली उतरली ती थेट भावाच्या टेबलापाशी आली, कपाळावर घाम, चेहरा फुललेला. "यंदा काय मोकळा लागतोय रे गळा. खोकला झाला तेच बरं म्हणायचं." तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. तिची थाप जोरदार असायची, पण त्या दिवशी ती त्याला पाठीपेक्षा दुसरीकडेच लागली.

एकदाच करायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण एकदा केलेल्या गोष्टीला दुसऱ्यांदा कारण लागत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तर विचारही करावा लागला नाही. ताई माइकपाशी आली की बोट आपसूक खाली यायचं, आणि त्या चढणाऱ्या ओळीपाशी बटण पार तळाला टेकायचं. मास्तर येऊन हळूच म्हणाले, "छान निभावलंस हो." नर्सने मात्र डबा आवरता आवरता विचारलं, "काका, हे बरं दिसतं का?" भोंग्याने वायर गुंडाळण्यात डोकं घातलं.

त्याला बरं वाटत नव्हतं, हे उघडच आहे. बायकोने वाढलेलं ताटात राहायला लागलं. दुकानात एखादा रेडिओ उघडून तो तासन्‌तास नुसता बघत बसे. आपण चोर आहोत, असं त्याला वाटे, आणि चोरलं तरी काय, तर जिने त्याला बोट धरून चालायला शिकवलं तिचा गळा. मग तो स्वतःच स्वतःची वकिली करी: ती आनंदात आहे, लोक आनंदात आहेत, कुणाचं काय वाईट झालं? वकिली रोज जिंकायची आणि ताट तरी रोज अर्धंच राहायचं.

वाईट झालं होतं. ते त्याला कळायला उशीर लागला, एवढंच.

गाड्यांपाशी रांगेत उभ्या असलेल्या लोकांना नर्स दिसत नसे. त्यांना दिसायची ती पुढे उभी असलेली, गळ्याच्या शिरा ताणून गाणारी आडव्या अंगाची ताई, आणि स्पीकरमधून यायचा कोवळ्या पोरीचा नाजूक आवाज. लोक काही खुळे नव्हते. एका शनिवारी ताई सँडविच घ्यायला गेली, तेव्हा सँडविचवाली काकडी चिरता चिरता गमतीने म्हणाली, "तुमचं बरं आहे ताई. टेप लावायची, ओठ हलवायचे, टाळ्या घ्यायच्या. दमायला नको की घसा बसायला नको." रांगेतले दोघे-तिघे हसले. ताईही हसली. तिला ती थट्टाच वाटली.

मग आइस्क्रीमच्या गाडीपाशी कुणी तेच म्हणालं. मग टपाल कचेरीच्या खिडकीत. मग जिथे तिने जन्म काढला त्या बेकरीतच, पाव बांधून देणारी नवी मुलगी म्हणाली, "टेप कुणाच्या आवाजाची लावता हो?" तेव्हा ताईला हसू आलं नाही. ती पिशवी तशीच काउंटरवर ठेवून तडक भावाच्या दुकानात आली.

दुकानात शिंपी बसला होता, इस्त्री न्यायला आलेला. ताईने त्याच्यादेखत विचारलं, "याच्यासमोर सांग. गावभर बोभाटा झालाय की मी टेप लावून ओठ हलवते. तू पेटीवर बसतोस. मी गाते की टेप लागते?"

भोंग्याच्या हातातली इस्त्रीची वायर तशीच राहिली. "ताई गाते," तो म्हणाला. "टेप नसते."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी याहून मोठं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"झालं तर मग," शिंपी उठत म्हणाला. "भोंगा म्हणतोय म्हणजे खरंच असणार. तो कशाला खोटं बोलेल?"

"मला माझं ऐकू येतं की पायाशी," ताई म्हणाली. तिचा आवाज थोडा हलला. "कान का फुटलेत माझे? कुणाचं एक पान खाल्लं नाही मी फुकट, आणि टाळ्या फुकट खाईन?" मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू दे. शेवटचा शनिवार आहे अजून. असं गाते की एकेकाचं तोंड बंद होईल. तू जरा आवाज चढता ठेव माझा."

ती गेल्यावर भोंग्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून राहिला. तिच्या नावाला काळिमा लागला होता आणि लावणारा तिचा साक्षीदार होऊन बसला होता. आता शनिवारी ती जीव तोडून गाणार, तो बटण खाली ओढणार आणि गाव आणखी हसणार. असं झालं तर आपण पुन्हा तिच्या घरी जेवायला बसू शकणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

शुक्रवारी दुपारी तो गेला. ताई ओट्यापाशी पीठ मळत होती. बेकरी सुटली तरी हाताला सवय होती. या वेळी तो स्टुलावर चढला नाही, की चहाची वाट पाहिली नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. आवाज, सराव, मास्तर, दोन बटणं, नर्स.

ताईचे हात पिठात थांबले.

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

"मास्तरांना ठाऊक होतं?"

"हो."

"त्या पोरीला?"

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तुला वाईट वाटेल म्हणून ताई... तुझं मन मोडवेना मला."

"माझं मन होय रे?" ताई म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं, पण ती साधंच बोलत होती. "आवाज गेलाय म्हणाला असतास, तर मी दोन दिवस रडले असते. मग चादर घेऊन हिरवळीवर बसले असते नूडल्स खात, सगळ्यांसारखी. त्यात मरण्यासारखं काय होतं? तू मला तिथे उभं केलंस आणि तोंड दाबून ठेवलंस. आणि मी मूर्खासारखी तुझ्या पाठीवर थापा मारत होते."

ताईने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"उद्या मी गाणार," ती म्हणाली. "आवाज पुरा ठेवायचा. बेसूर तर बेसूर, माझा आहे. गावाला कळू दे की बाई गात होती, वाईट का होईना. आणि पायाजवळचा स्पीकर बंद. लोकांना ऐकू जाईल तेवढंच मलाही ऐकू दे."

"बघतो, हो—"

"बघतो नको. करशील की नाही?"

"करीन," भोंगा म्हणाला, आणि त्याला तेव्हा खरोखर तसंच वाटत होतं.

शनिवारी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. हंगामातला शेवटचा कार्यक्रम म्हणून झाडून सगळ्या गाड्या आल्या होत्या. ताई माइकपाशी आली. तिने पायाशी बघितलं, स्पीकरवरचा लाल दिवा विझलेला आहे याची खात्री केली आणि गायला लागली.

तिचा आवाज बागभर गेला. खरखरीत, जाडा, जागोजागी भेगा पडलेला, पण तिचाच. गाड्यांपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. सँडविचवालीने सुरी खाली ठेवली. कुणी कुणाला कोपराने डिवचलं. ताईलाही आता तो आवाज लांबून, लोकांकडून परत आल्यासारखा ऐकू येत होता. तिच्या कपाळाला आठी पडली, पण ती थांबली नाही. एकीकडे भोंग्याला रडू येत होतं आणि दुसरीकडे, खूप दिवसांनी, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

मग ती ओळ आली. जिना चढणारी.

पहिल्या पायरीलाच आवाज फाटला. पुढच्या चादरीवरची दोन पोरं फिस्सकन हसली. आणि भोंग्याचं बोट खाली गेलं. त्याने ठरवलं नव्हतं. अख्ख्या उन्हाळ्याची सवय, भावाचा जीव, भित्रेपणा, जे काय असेल ते, बटण तळाला गेलं आणि ताईचा आवाज बागेतून नाहीसा झाला. मागे नर्सचा बारीक आवाज तेवढा उरला.

पायाशी स्पीकर बंद होता. आपण नाहीसे झालो, हे ताईला त्याच क्षणी ऐकू आलं. तिने सगळ्या चादरींवरून, सगळ्या डोक्यांवरून थेट त्याच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. भोंग्याने भानावर येऊन बटण वर ढकललं, तोवर ओळ संपली होती आणि मास्तर शेवटचे सूर वाजवत होते.

टाळ्या पडल्या. त्यात हसण्याची खसखसही होती. ताई खाली उतरली आणि टेबलापाशी येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. धापा टाकत होती. मग म्हणाली, "तिथेच घसरते ना मी? त्या ओळीला?"

"हो ताई."

"एवढंच तर सांगायचं होतंस रे."

तेवढ्यात सँडविचवाली कागदात गुंडाळलेलं सँडविच घेऊन लगबगीने आली. शेवटचा दिवस म्हणून तिने ते ताईसाठी खास आणलं होतं. मनाची वाईट नव्हती ती. हसत हसत म्हणाली, "घ्या ताई, माझ्याकडून. आज टेप मध्येच अडकली वाटतं." मागे आलेले दोघे-चौघे हसले आणि काय उत्तर येतं ते ऐकायला थांबले.

ताईने भावाकडे बघितलं. नुसती वाट बघत राहिली. सांगायला एवढंच होतं, की टेप नव्हती, बटण मी ओढलं. भोंग्याने त्या माणसांच्या तोंडांकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आपल्या बोटाकडे बघितलं. ताईने आणखी थोडी वाट बघितली. मग ती सँडविचवालीकडे वळली.

"हो गं," ती म्हणाली. "अडकली."

लोक हसले आणि पांगले. मंचावर दुसरं कुणी गायला उभं राहिलं होतं; भोंग्याने सवयीने त्याचं बटण लावलं. ताईने कागद सोडला, सँडविचचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्यासमोर सरकवला.

"खा," ती म्हणाली. "आणि आता काही बोलू नकोस."